व्हर्च्युअलबॉक्समधलं जुनं विंडोज एक्सपी नव्या कॉम्प्युटरवर आतल्या हिशेबासकट कसं न्यायचं?

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर (मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्या मशीनची नुसती व्हीडीआय, म्हणजे आभासी डिस्कची फाइल नेऊ नका, मशीनचा अख्खा फोल्डर न्या. हे मी हात पोळून शिकलोय.

अमळनेरच्या एका कापूस अडत्याकडे तुमच्यासारखाच प्रकार होता. एक्सपीवरचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालायचं आणि कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. नवा आला ऐन दसऱ्याच्या तोंडावर. सगळ्यात मोठी फाइल तीच खरी असं समजून मी व्हीडीआय तेवढी उचलली, नवं मशीन बनवून तिला जोडली. एक्सपी झकास उघडलं. शेठनी खातं काढलं तर शेवटची नोंद आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची! "काय व्हयनं भो?" म्हणाले. माझ्या घशाला कोरड.

आखाजीच्या सुमाराला मीच एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय तिथेच थिजते. पुढचं सगळं लिखाण मशीनच्या फोल्डरात 'स्नॅपशॉट्स' नावाचा आणखी एक फोल्डर असतो, त्यातल्या वेगळ्या फाइलीत जातं. म्हणजे पाच महिन्यांची आवक-जावक मी जुन्या कॉम्प्युटरवरच सोडून आलो होतो.

तेव्हा आधी एक्सपी आतून नीट शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' करून (चालू मशीन आहे त्या अवस्थेत गोठवून) नेऊ नका, प्रोसेसर बदलला की ती अवस्था बऱ्याचदा उघडतच नाही. मग फोल्डर कॉपी करा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, एक्सफॅट करून घ्या. नव्यावर व्हर्च्युअलबॉक्स तेच किंवा त्याहून नवं टाका, 'मशीन' मेनूतून 'अ‍ॅड' करून त्या फोल्डरातली व्हीबॉक्स फाइल (मशीनच्या सेटिंगची) दाखवा. झालं.

डिस्कची फाइल पूर्वी कुणी डी ड्राइव्हवर वेगळी ठेवली असेल तर मात्र ती सापडणार नाही. अशा वेळी 'एक्सपोर्ट' करून अख्ख्या मशीनची एकच ओव्हीए फाइल बनवा. त्यात आजची स्थिती येते, जुने स्नॅपशॉट येत नाहीत. इम्पोर्ट करताना मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) तेच ठेवायचा पर्याय निवडा, नाहीतर नेटवर्क कार्डाला बांधलेला सॉफ्टवेअरचा परवाना रुसतो. फोल्डर नेला तर ही भानगडच नाही, म्हणून मला तोच बरा वाटतो.

मशीन सुरूच होत नसेल तर नव्या कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून त्याशिवाय चालत नाही. शेअर्ड फोल्डरचा (बाहेरचा कॉम्प्युटर आणि एक्सपी दोघांना दिसणाऱ्या फोल्डरचा) रस्ताही नव्याने द्यावा लागेल.

अडत्यांचा जुना कॉम्प्युटर अजून फॉरमॅट केला नव्हता म्हणून माझी लाज राहिली. तुम्हीही नव्यावर शेवटची नोंद बघून दोन-चार बिलं छापून होईपर्यंत जुन्याला हात लावू नका.