तुझ्या कथेतल्या मशीनबद्दल

अरे, कथा वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. बाई छान उतरलीये. हेल्मेट घालायच्या आधी ती केसांतला क्लिप काढून पर्समध्ये टाकते ना, ते वाक्य कुणी कितीही सांगितलं तरी खोडू नकोस. आता बाकीचं.

तुझे डॉक्टर मेंदूत मशीन घालतात, माणसाची न जगलेली आयुष्यं शोधतात, पडद्यावर दाखवतात, आणि हे होतं कसं तर म्हणे क्वांटम. क्वांटम म्हणजे काय गोडा मसाला आहे का, भाजी जमली नाही की टाक चमचाभर! मी पस्तीस वर्षं मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवली, त्या पानावर मला हसू आलं, आणि नको तिथे हसू आलं की वाचक गेला समज. त्यातून गंमत अशी की तुला त्याची गरजच नाहीये, साध्या उंदराच्या डोक्यात जे चालतं ते तुझ्या मशीनपेक्षा भन्नाट आहे.

मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, जागा आणि आठवणी सांभाळणारा, त्यातल्या काही पेशी उंदीर ठरावीक जागी आला की पेटतात, हे जॉन ओकीफनी १९७१ मध्ये दाखवलं, त्याचं नोबेल २०१४ ला मिळालं. जागा बदलली की दुसऱ्या पेशी, म्हणजे नकाशाच म्हण. पुढे २००७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात जॉन्सन आणि रेडिश या दोघांनी बघितलं की उंदीर फाट्यावर येऊन थांबतो, मान इकडे करतो, तिकडे करतो, पाय मात्र जागेवर, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात आधी एका वाटेवरच्या पुढच्या जागांच्या पेशी पेटत जातात आणि मग दुसऱ्या वाटेवरच्या, म्हणजे गडी न जाता दोन्हीकडे जाऊन आला की! २०२० मध्ये तर असं दिसलं की हे डावं-उजवं, डावं-उजवं सेकंदाला आठ-आठ वेळा चालू शकतं. तुझं मशीन इथे बसव. कथेत खोटं एकच सांगायचं, ते म्हणजे हे चित्र बाहेरून बघता येतं, बाकी सगळं खरं ठेव.

आता मुख्य भानगड. तुझ्या मशीनमध्ये दुसरं आयुष्य आधीपासून शूट करून ठेवल्यासारखं दिसतं. मेंदूत अशी रिळं नसतात रे. २००७ मध्येच लंडनमध्ये हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या पाच पेशंटना सांगितलं होतं की अशी कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पडलाय, काय काय दिसतंय? तर एकाला निळं आकाश आणि पांढरी वाळू यापुढे काही जुळवताच येईना. ज्यांचं मागचं जातं त्यांचं 'असं असतं तर'सुद्धा बऱ्याचदा जातं, कारण सामान एकाच कोठीतून येतं.

मला १९८४ साली दिल्लीला पीएचडीला जायचं होतं, घरातल्या आजारपणात राहिलं. अजूनही कधी भांडी लावताना ती दिल्लीतली मी दिसते मला, पण तिच्या ओट्यावर मिसळणाचा डबा माझाच असतो, मोहरीच्या वाटीचा काठ चेपलेला, आणि खिडकीबाहेर आमच्या मिरजेच्या गल्लीतला शेवगा. मी दिल्ली पाहिलीये दोनदा, त्यातही एकदा लग्नाला, मग मेंदू बिचारा दिल्लीचं स्वयंपाकघर आणणार कुठून?

म्हणून तुझी बाई गाणं न सोडता पॅरिसला गायली असती ती मैफल मला पटली नाही. झुंबरं, मखमल, सगळं गुळगुळीत, आणि ही बाई तर सांगलीच्या बाहेर फारशी गेलेली नाहीये, तूच लिहिलंयस. पॅरिसच्या त्या हॉलला भावे नाट्यमंदिरातल्या खुर्च्या असू देत, पहिल्या रांगेतली पॅरिसची बाई तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसारखी दिसू दे. आधी बाई खूश होईल, मग हळूच तिच्या लक्षात येईल की हे सगळं आपल्याच घरातून उचललेलं आहे. त्या क्षणी वाचकाच्या पोटात गोळा येतो की नाही बघ.

अजून एक, तुझे फाटे फार मोठे आहेत, लग्न, करिअर वगैरे. माणसं असा विचार करतात का? पानिपताचंच घे, १७६१ पासून आपण 'विश्वासरावांना गोळी लागली नसती तर' म्हणतोय. रसद तुटलेली होती, उपासमार चालली होती, ते कुणाला बदलावंसं वाटत नाही, बदलतो ती गोळीच, कारण ती इंचभर इकडेतिकडे झाली असती असं वाटतं. तुझ्या बाईचा फाटा पण असाच घे, एखादी चुकलेली एसटी, न उचललेला फोन.

डॉक्टरांबद्दल सांगू? व्हिलन म्हणून अगदीच पिक्चरमधले वाटतात. डोळ्यांच्या खोबणीच्या वर मेंदूचा एक भाग आहे, ऑर्बिटोफ्रंटल म्हणतात, तिथे इजा झालेल्या पेशंटना दोन चक्रांतलं एक निवडायचा जुगाराचा खेळ देऊन नंतर सांगितलं की दुसरं चक्र घेतलं असतंत तर जास्त मिळाले असते, तर त्यांना हळहळ वाटलीच नाही, २००४ चा पेपर आहे. उंदरांना वाटते बरं का! चांगला सौदा सोडून पुढे गेला आणि पुढे महागात पडलं की उंदीर वळून मागे बघतो, आणि त्याच्या याच भागात सोडलेल्या ठिकाणाच्या खुणा उमटतात. तर तुझ्या मशीनसमोर असा एक माणूस बसव ज्याचा तो भाग गेलाय. त्याला सगळी आयुष्यं दिसतील, यातली तीन आतापेक्षा बरी आहेत हेही कळेल, आणि तो उठून विचारेल, चहा कुठे मिळतो इथे? मला तर त्या व्हिलनपेक्षा याचीच भीती वाटेल.

दिवाळी अंकाला द्यायची असेल तर आत्ताच बस, सप्टेंबरात कुणी वाचत नाही. आणि पुढचा खर्डा पाठवताना ओळींत जागा सोड, या वेळी पेन्सिल चालवायला समासच नव्हता, अर्धं पाठीमागे लिहिलंय, पानं उलटून बघ.