वाचकांचे प्रश्न: महाबळेश्वरला पुन्हा जावं का?

प्रश्न : ताई, मी सांगलीला विश्रामबागेत राहते. महाबळेश्वर पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या सहलीत. मग लग्न झाल्यावर आम्ही दोघं गेलो. पुढे मुलं लहान असताना सगळं घर गेलं होतं. धाकटा कडेवरचा होता, त्याला घेऊन सासूबाई बहुतेक वेळ गाडीतच बसून राहिल्या. आता त्या ७८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि ‘मला एकदा कृष्णामाईचा उगम दाखव’ असं त्यांनी धरून ठेवलंय. आमचे मिस्टर म्हणतात, तिथे आता नुसती गर्दी नि हॉटेलं, काय उरलंय पाहायला? माझंही मन कचरतं. जे डोळ्यांसमोर आहे ते तरी तसंच राहू दे, असं वाटतं. काय करू?

उत्तर : जा. आणि या खेपेला पॉइंट बघायचा नाद सोडा, सासूबाई म्हणतील तेवढंच बघा.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. मी साताऱ्याची. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, मेढ्यावरून जाणाऱ्या महाबळेश्वर गाडीवर त्यांची ड्यूटी असायची. सुट्टीत मलाही न्यायचे. पावसाळ्यात केळघर घाट चढायला लागलो की धुकं खिडकीतून आत यायचं आणि पेटीतली तिकिटं दमट होऊन एकमेकांना चिकटायची. वडील अंगठा कोरडा करून एकेक तिकीट हलकेच सोडवायचे, फाटलं तर हिशेबात त्रास. वर पोचलो की पावसाच्या माऱ्यापासून वाचवायला वाळक्या गवताने झाकलेल्या भिंती दिसायच्या. आता तिथे प्लास्टिकचे कागद असतात. पुढे माझी मुलं झाली, त्या काळातलं महाबळेश्वर मला आठवतं ते ओल्या स्वेटरांचं नि घोडेवाल्याशी घासाघीस करण्याचं. आता साठी उलटली, बोटिंग नको वाटतं. जांभळी-हिरड्याच्या रानातून पायी चालायला मिळालं की पुरे होतं.

गर्दी वाढली, बांधकामं वाढली, हे खरंच. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. ते झालं नसतं तर डोंगरावर आज आहे तेवढंही रान राहिलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधून घेतला. गाव आजही त्याचं पाणी पितं, आणि त्याच काठावर लोक कणसं खाऊन बुरखुंडं नि प्लास्टिकचे पेले टाकून जातात. ते पाहिलं की माझा जीव तुटतो. तुम्ही पिशवी न्या, कचरा सांगलीला परत आणा.

पण तुमच्या पत्रात मला वेगळंच दिसलं. तुम्ही महाबळेश्वर शाळकरी वयात पाहिलं, नवी नवरी म्हणून पाहिलं, आई म्हणून पाहिलं. सासूबाईंनी ते अजून पाहिलेलंच नाही. ‘काय उरलंय’ हा प्रश्न त्यांना लागूच होत नाही. सांगलीच्या बाईने सारा जन्म कृष्णेच्या काठी काढला, २००५ चा आणि २०१९ चा महापूर पाहिला, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं ते रेडिओ-टीव्हीवर कान लावून ऐकलं. त्या बाईला हे पाणी निघतं कुठून ते बघावंसं वाटणारच.

तेव्हा असं करा. पेठनाक्यावरून हायवेला लागून थेट वर पळू नका, नदीच्या उलट दिशेने जा. पहिला थांबा कऱ्हाड. तिथे कोयना कृष्णेला मिळते, समोरासमोरून येऊन. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तिथे बसायला ऐसपैस जागा आहे. दुसरा थांबा साताऱ्याजवळचं संगम माहुली. तिथे वेण्णा येऊन मिळते. घाटाच्या पायऱ्या उतरायची गरज नाही, वरून नदी दिसते. मग वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर टेका. सांगलीला एवढा विस्तार असलेली कृष्णा प्रत्येक थांब्यावर अंगाने कमी होत जाते, ते त्यांना बघू द्या. मुक्काम वाईलाच करा, एका दिवसात सगळं रेटलं तर गुडघे बोलतील.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पसरणी घाटातून पाचगणी, आणि तिथून बाजारपेठेत न रेंगाळता क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, अशी श्रद्धा आहे. म्हणजे आदल्या दिवशी कऱ्हाडला नि माहुलीला ज्या भेटल्या, त्या इथून एकत्र निघालेल्या बहिणी. सासूबाईंना हे आधी सांगू नका, तिथे उभं राहिल्यावर सांगा. मला वाटतं त्या स्वतःच ओळखतील. आतली फरशी ओली असते आणि अनवाणी चालायचं असतं, तेव्हा एकाने हात धरून राहा. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. तिथे गर्दी कमी असते, समोर कृष्णेचं खोरं उघडं दिसतं. अंगात त्राण असेल तरच तिकडे न्या.

मुलाला सूर्यास्त हवा असेल तर तो नि त्याचे बाबा बॉम्बे पॉइंटला जातील. तुम्ही दोघी थांबा.

दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना टाळा, शनिवार-रविवारही नको. पावसाळा संपून थंडी पडायच्या आधीचे दिवस मला सगळ्यात बरे वाटतात, पाणी भरपूर असतं आणि धुकं कमी. स्ट्रॉबेरीचा हट्ट असेल तर जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार धरा. जांभळाचा मध घ्या, जरा कडवट लागतो नि रंगाला काळपट असतो, तो तसाच असायचा. परतताना मेढ्यावरून उतरायचं ठरवलंत तर केळघर घाट उजेडात उतरा. त्या वाटेने वेण्णा पुन्हा सोबतीला येते, डाव्या-उजव्या हाताला कुठे दिसेल ते सासूबाईंनाच शोधू द्या.