परदेशातून येणाऱ्या पैशानं गरीब देश सुधारतात का? माझ्या वहीतून उत्तर

तुम्ही विचारलंय की बाहेरदेशी कामाला गेलेली माणसं घरी जो पैसा पाठवतात त्यानं गरीब देशांचा खरंच विकास होतो का, की नुसती घरं नि सोनं होतं. आणि शेवटी असंही विचारलंय की तुमचा भाऊ दुबईत आहे, तिथं हुंडीवाला (बँकेला टाळून पैसा घरी पोचवणारा मधला माणूस) जास्त रेट देतो, मग बँकेतनंच पाठव म्हणून सगळे का सांगतात. मी काही अर्थशास्त्राची प्राध्यापक नाही, बी.कॉम. झालंय आणि गावच्या सहकारी कर्ज सोसायटीत हिशेब बघते. पण आमचे हे २०१२ पासून मस्कतला एसी मेकॅनिक आहेत आणि त्यांनी पाठवलेला एकन् एक रुपया मी वहीत लिहिलाय, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला.

आधी सरळ सांगते. घर सुधारतं, नक्की सुधारतं. देशाला डॉलर मिळतात, तेही नक्की. पण गावात काम आपोआप तयार होत नाही, आणि त्याचा दोष पाठवणाऱ्याला किंवा इथं घर चालवणाऱ्या बाईला देणं मला अजिबात पटत नाही, कारण हा पैसा म्हणजे मदत नव्हे, भांडवलही नव्हे, तो एका माणसाचा पगार आहे. पगारातनं आधी जेवण, औषध, फी, छप्पर एवढंच होतं, तुमच्या घरातही तेच होत असणार की.

आमच्या भागाला हे नवीन नाही. माझे सासरे, आम्ही मामा म्हणतो, मुंबईत गिरणीत होते, गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे आणि दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. आत्यांनी (सासूबाईंनी) त्या मनीऑर्डरची खालची कुपनं पत्र्याच्या डब्यात अजून ठेवलीत, दोन बोटांची जागा असायची त्यात, तेवढ्यात "भाताला खत घाला, पोराला ताप असेल तर बेळगावला न्या" असं बारीक अक्षरात लिहिलेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या डब्यातली कुपनं त्या वर्षी थांबली ती थांबलीच. आत्या सांगतात की त्या पावसाळ्यात बैल विकला आणि पुढच्या वर्षी एक शेताचा तुकडा गहाण टाकला. एका शहरातला एक धंदा बसला आणि जवळपास पाचशे किलोमीटरवरच्या गावात बैल विकला गेला. देशांच्या बाबतीत लोक जे "अवलंबून राहण्याचा धोका" म्हणतात ना, ते मी त्या डब्यावरून समजते.

आता मोठे आकडे. वर्ल्ड बँकेच्या हिशेबानं २०२३ साली गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना मिळून साधारण ६५६ अब्ज डॉलर असे घरी आले. भारत सगळ्यात वर, २०२२ मध्ये १०० अब्जांच्या पुढं जाणारा जगातला पहिला देश. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणं २०२३-२४ मध्ये ११८.७ अब्ज डॉलर आले, आणि आपण जेवढा माल विकतो त्यापेक्षा जास्त विकत घेतो त्या तुटीतली साधारण निम्मी ह्या पैशानं भरून निघते. म्हणजे पेट्रोल, सोनं, मोबाईलचे पार्ट ह्यासाठी लागणारे डॉलर काही प्रमाणात मस्कतच्या उन्हात गच्चीवर एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घामाचे आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि कुणी फारसं बोलत नाही.

पण त्यात एक गोष्ट बघा. पूर्वी निम्म्याहून जास्त पैसा आखातातनं यायचा, आता तसं राहिलं नाही, एकटी अमेरिकाच चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त देते. आणि राज्यांत महाराष्ट्र नि केरळ वर, प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास, आपला कर्नाटक आठ टक्क्यांच्या आत. आता कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरनं आईबापांना पाठवलेला पैसा आणि आमच्या ह्यांचा पैसा एकाच बेरजेत धरतात, पण काम दोन्ही पैशांचं वेगळं. तो पैसा पुण्यात फ्लॅटमध्ये किंवा एफडीत जातो, आमचा पैसा पडलेल्या भिंतीत जातो. त्यामुळं नुसती बेरीज वाढली म्हणून गरिबी तेवढी कमी झाली असं धरता येत नाही.

माझी वही उघडते. पहिली १४ महिन्यांची पानं मुख्यतः कर्जाची आहेत. एजंटाला नि तिकिटाला मिळून एक लाख दहा हजार लागले होते, माझं गंठण आणि पाटल्या सोसायटीत गहाण, उरलेले गावातल्या एकाकडनं महिन्याला ३ टक्क्यांनी. पगार १८० ओमानी रियाल, त्यातले ११० इकडं. म्हणजे पहिलं वर्ष-सव्वा वर्ष आम्हाला त्या पैशातनं पूर्वीपेक्षा फारसं जास्त मिळालं नाही, निम्म्याहून जास्त कर्जातच गेला. जाण्याचा खर्च ह्या गोष्टीवर लोक कमी बोलतात, पण माझ्या मते गरीब घराला खरा फटका तिथंच बसतो. ज्याच्याकडं गहाण टाकायला काहीच नसतं तो जाऊच शकत नाही, म्हणून सगळ्यात गरीब घरांपर्यंत हा पैसा फार कमी पोचतो. आमच्या वाडीतनं चारजण आखातात आहेत, चारही घरांकडं आधीपासनं थोडं शेत नाहीतर सोनं होतं.

मग २०१३ चं पान. मे महिन्यात डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टच्या अखेरीस ६८ च्या वर गेला. रियाल डॉलरला बांधलेला, त्यामुळं तो १४० वरनं पावणेदोनशेच्या पुढं. ह्यांनी फोन केला की एक्स्चेंजसमोर रात्री नऊ वाजता लाईन आहे, लोक एकमेकांकडनं उसने घेऊन पाठवायला लागलेत. तेच ११० रियाल, पण हातात चारेक हजार जास्त. देशाचा रुपया पडतो तेव्हा बाहेरनं पैसा जास्त येतो आणि पडत्या रुपयाला तेवढाच टेकू मिळतो, हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवीन वाटलं नाही.

२०२० मध्ये उलटं होईल असं सगळ्यांना वाटलं. वर्ल्ड बँकेनं एप्रिलमध्ये अंदाज दिला होता की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना येणारा हा पैसा जवळपास वीस टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात दोन टक्केही घटला नाही. का, तर आमच्या घरात काय झालं ते सांगते. कंपनीनं ह्यांचा पगार कापला, तरी ह्यांनी पाठवायचे ११० चे १०० केले, बास. रूममध्ये सहाजण, एकवेळ डाळभात खाऊन राहिले, हे मला दोन वर्षांनी कळलं. संकट आलं की कंपन्या गुंतवणूक काढून घेतात, बँका हात आखडतात, पण घरचा माणूस जास्त पाठवतो, नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतरही असंच झालं. देशाच्या दृष्टीनं हा फार मोठा आधार आहे, पण तो कुणाच्या पोटाला चिमटा घेऊन मिळतो हेही त्याच पानावर लिहायला पाहिजे असं मला वाटतं.

आता "घरं नि सोनं" ह्यावर. आमचं घर मातीच्या भिंतीचं, वर खानापुरी कौलं. आमच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे चुलीवर वाळवायचे. २०१६ ला मागची भिंत ढासळली, आत्या दोन हातावर झोपल्या होत्या. त्या वर्षी आम्ही स्लॅबचं घर बांधायला काढलं. ह्याला कुणी उधळपट्टी म्हटलं की मला मनापासनं वाईट वाटतं. आणि त्या घरातनं गवंडी, सेंटरिंगवाला, वीटभट्टी, खानापूरचा सिमेंट दुकानदार सगळ्यांना काम मिळालंच की. तसंच गंठण सोडवून आणलं तेही हौसेसाठी नाही, उद्या दवाखाना निघाला तर सोसायटी तासाभरात कर्ज देते ती फक्त सोन्यावर.

पण वाईट परिणामही आहेत आणि तेही डोळ्यासमोर आहेत. रस्त्याकडची जमीन आता गुंठ्यावर विकतात, ज्याच्या घरात बाहेरचा पैसा नाही त्याला ती कधीच घेता येणार नाही. भाताची खाचरं पडीक पडायला लागली, थोडी गव्यांच्या त्रासानं, पण जास्त करून माणूसच नाही म्हणून. पोरं गोव्याला, पुण्याला, नाहीतर बाहेरदेशी, आणि इथं घर बांधायला माणसं उत्तरेकडनं येतात. केरळात हेच मोठ्या प्रमाणात झालंय, १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला तशी तिकडची माणसं आखातात गेली आणि आता केरळात बांधकामाला बंगाल, आसाम, ओडिशाची माणसं, म्हणजे केरळ एकीकडनं घेतो नि दुसरीकडं पाठवतो.

लहान देशांत हे आणखी कडक होतं. नेपाळात देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा असा येतो. तिथली गरिबी १९९५-९६ ला ४२ टक्के होती ती २०१०-११ ला २५ वर आली, आणि त्यातली दहा वर्षं माओवादी बंडाळीची, तेव्हा ह्यात पाठवलेल्या पैशाचा मोठा हात आहे हे उघड आहे. पण त्याच काळात तिथले कारखाने वाढले नाहीत, उलट त्यांचा वाटा घटला. बाहेरचा पैसा खूप आला की गावातला मजूर महाग होतो, चलन तगडं राहतं, बाहेरचा माल स्वस्त पडतो आणि घरचा माल विकायला अवघड जातं. ताजिकिस्तानचं तर बहुतेक सगळं रशियावर, २०१४-१५ ला रुबल कोसळला तेव्हा तिथल्या घरांचा पैसाही कोसळला. हे वाचताना मला आमचा कुपनांचा डबाच आठवतो.

मग पैसा धंद्यात का जात नाही? मी स्वतः केलेला प्रयत्न सांगते. आमच्या बाजूला काजू बक्कळ होतो आणि कच्चाच विकला जातो. २०१९ ला मी नि जावेनं ठरवलं की छोटं काजू फोडायचं युनिट टाकू, चार बायकांना घरबसल्या काम. साडेतीन लाख आमचे होते, तेवढेच कर्ज पाहिजे होतं. एका बँकेत गेलो, नाव सांगत नाही, तिथल्या साहेबांनी मिस्टर बाहेर आहेत म्हटल्यावर कारचं कर्ज लगेच देतो म्हणाले, घराचं पण देतो म्हणाले, युनिटसाठी मात्र आठ वेळा हेलपाटे आणि दर वेळी नवीन कागद. तोवर विजेच्या थ्री फेज लाईनचा अर्ज तसाच पडलेला. शेवटी ते साडेतीन लाख एफडीत गेले. तीच बँक आमच्या ठेवी घेऊन कर्ज मोठ्या शहरात देत असणार, मग सांगा, गाव सुधारलं नाही ह्यात चूक माझ्या वहीची का?

मेक्सिकोत एक योजना होती, परदेशातल्या गाववाल्यांच्या मंडळानं गावच्या कामाला एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक एक घालायचे, म्हणून तिला "एकाला तीन" म्हणायचे. त्यातनं रस्ते, पाणी, शाळा झाल्या. आमच्याकडंही मुंबईतली गावकरी मंडळं वर्गणी काढतात, पण त्यातनं देऊळ होतं. देवळाला माझा विरोध नाही, मीही वर्गणी देते, पण वर्गणीच्या तिप्पट घालणारं कुणी असतं तर थ्री फेज लाईन आली असती असं वाटत राहतं.

एक चांगलं झालेलं मात्र सांगायलाच पाहिजे. खातं माझ्या नावावर आहे. पूर्वी मनीऑर्डर आत्यांच्या मोठ्या दिरांच्या हातात पडायची आणि आत्या त्यांच्याकडनं मीठ-मिरचीला पैसे मागायच्या. आता मेसेज माझ्या मोबाईलवर येतो, मुलगी बेळगावला नर्सिंगला आहे ती माझ्या निर्णयामुळं, घरात बरीच चर्चा झाली तरी. पैसा कुणाच्या हातात पडतो ह्यानं तो कशावर खर्च होतो हे फार बदलतं. मुलगा बारावीला आहे आणि तो आत्तापासनंच पासपोर्ट म्हणतोय. त्याला नको म्हणायला माझ्याकडं अजून काही नाही, युनिट चालू झालं असतं तर कदाचित असतं.

आता हुंडीचं. २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी ६ टक्क्यांच्या वर खर्च येतो, २०३० पर्यंत तो ३ च्या आत आणायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय. पोस्टाच्या मनीऑर्डरला शेवटच्या काळात शंभराला ५ रुपये लागायचे, म्हणजे जगात बऱ्याच ठिकाणी अजून तेवढंच महाग आहे. आखातातनं भारतात मात्र स्वस्त पडतं, आम्हाला एका वेळी दीड-दोन रियाल लागतात, तेव्हा हुंडीत वाचतं ते फार नाही. आणि हुंडीत डॉलर तिकडंच राहतो, देशाच्या हिशेबात येत नाही. श्रीलंकेत २०२१ मध्ये सरकारनं डॉलरचा रेट धरून ठेवला, बाहेर रेट जास्त, लोकांनी उंडियाल म्हणजे त्यांच्या हुंडीनं पाठवायला सुरुवात केली. बँकेतनं येणारा पैसा २०२० ला ७.१ अब्ज डॉलर होता तो २०२२ ला ३.८ वर आला, आणि त्याच सुमारास पेट्रोल नि औषध आणायला देशाकडं डॉलर उरले नाहीत. कारणं बाकीचीही होती, पण हे एक मोठं होतं.

शिवाय आपल्याकडं हुंडी बेकायदेशीर आहे, मधला माणूस पळाला तर तक्रारही करता येत नाही. भावाला एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं इथल्या बँकेतलं खातं) काढायला सांगा, त्याच्या व्याजावर इथं टॅक्स नाही, आणि प्रत्येक वेळची पावती फोटो काढून तुमच्याकडं पाठवायला सांगा. घराचं कर्ज काढायला गेलात की बँक आधी तेच मागते, आम्ही सुरुवातीची दोन वर्षं ठेवल्या नव्हत्या आणि फार हेलपाटे पडले.