रुग्णांबद्दल काहीच वाटेनासे झाले, तर तो माझा दोष का?

तीन वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर रुग्ण दगावला तरी आत काही हलत नाही, उलट नातेवाइकांनी ‘सिस्टर’ अशी हाक मारली की चीड येते, हा स्वभावाचा दोष आहे का, असे आपण विचारले आहे. मी 19 वर्षे मेडिसिन वॉर्डात आहे आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून संपून जाणे, मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: मन आटून जाणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच चांगले होत नाही असे वाटणे. आपली तक्रार यांतली दुसरी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम, असे मानते.

माझ्याबाबतीत हे एका सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगताना, उघडे पडले. ‘चौदा नंबर, रात्री तीन वाजता गेले,’ एवढे सांगून मी पंधरा नंबरकडे वळले, तेव्हा नवीन सिस्टरने नाव विचारले. आठ दिवस ज्यांची कूस मी बदलत होते, त्यांचे नाव मला केसपेपर उघडून पाहावे लागले. तो कोरडेपणा मी जाणूनबुजून धरला नव्हता. तीस खाटांना दोघी असताना त्याच्याच आधारावर रात्र निभत होती. तक्रार एवढीच, की तो ॲप्रनसोबत उतरत नाही, घरी येतो आणि मुलांशीही तसाच बोलतो.

ताणाचे कारण बदलणे आणि ताणामुळे होणारा त्रास सोसण्याजोगा करणे, असे दोन मार्ग मानसशास्त्रात सांगतात. आपल्याला बहुधा दुसराच शिकवला जातो. (नाइट उतरून मी ध्यानाच्या कार्यशाळेला गेले आणि पाच मिनिटांत झोपले; त्या दिवशी तेवढेच उपयोगी पडले.) मला खरा फरक जाणवला तो इन्चार्ज सिस्टरांकडे हट्ट धरून नाइट सलग लावून घेतल्या आणि त्यानंतरची सुट्टी कोणाला बदलून दिली नाही तेव्हा. शिवाय वॉर्डात कोणी गेले, की आम्ही दोघीतिघी चहा घेताना त्या माणसाविषयी नाव घेऊन बोलतो.

मात्र सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टी नकोशा वाटत असतील किंवा जगणेच नकोसे होत असेल, तर ड्यूटी बदलून भागणार नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा निदान आजच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येते.