दुधाचा दात पडला नाही आणि मागून पक्का दात आला, तर दुधाचा दात काढून घ्यावा का?

तुमची मुलगी साडेसहा वर्षांची आहे, तिचा खालचा पुढचा दुधाचा दात जेमतेम हलतोय आणि त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, नवा दात दिसतोय. दुधाचा दात लगेच काढून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. दात हलत असेल तर घाई नको, दोन-तीन महिने वाट पाहा. दोन रांगा बघून धस्स होतं खरं, पण खालच्या पटाशीच्या दातांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. पक्के दात तयारच होतात ते दुधाच्या दातांच्या मुळांमागे, जिभेच्या अंगाला.

पक्का दात वर सरकत दुधाच्या दाताच्या मुळापाशी आला की तिथल्या पेशी ते मूळ थोडं थोडं विरघळवतात. मूळ संपत आलं की दात हलायला लागतो. म्हणून पडलेला दात उलटा करून पाहिला तर मुळाचा पत्ता नसतो. खालून पोकळ, कडा खरबरीत, आत लालसर डाग, एवढंच दिसतं. ‘मूळ आतच मोडून राहिलं’ म्हणून पुष्कळ पालक घाबरतात, पण ते मोडलेलं नसतं, विरघळलेलं असतं. नवा दात जास्तच मागून वर आला तर मुळाची फक्त मागची बाजू झिजते, पुढची शाबूत राहते आणि दात अडून बसतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

मुलीलाच सांगा, स्वच्छ बोटाने किंवा जिभेने दात दिवसातून तीन-चारदा पुढे-मागे हलवायचा. गाजर, पेरू, काकडी त्या बाजूने चावू दे. दोरा बांधून हिसका देऊ नका; मूळ शिल्लक असेल तर उगाच दुखतं आणि पुढच्या वेळी पोर तोंडच उघडत नाही. दात पडल्यावर गॉझची किंवा स्वच्छ सुती कापडाची घडी दहा-पंधरा मिनिटं घट्ट चावून धरायला लावा. मध्ये मध्ये उघडून बघितलं की रक्त थांबायला वेळ लागतो. त्या दिवशी जोरजोरात चुळा भरू देऊ नका.

दोन-तीन महिन्यांत दात पडला नाही, किंवा नवा दात निम्म्याहून जास्त वर आला तरी दुधाचा मुळीच हलत नाही, तर काढून घ्या. काम दोन मिनिटांचं असतं. नंतर जीभच नव्या दाताला पुढे ढकलते, मात्र त्याला काही महिने लागतात आणि जागा असावी लागते. जागा करायची म्हणून शेजारचा न हलणारा दुधाचा दातही काढू, असं कुणी म्हणालं तर आधी कारण नीट विचारून घ्या. आज एकाला जागा मिळते, पण ती पुढच्या दाताच्या वाट्याची असते.

वरच्या पुढच्या दातांना ही सवलत नाही. तिथे पक्का दात टाळूच्या बाजूने आला तर खालच्या दातांच्या मागे अडकतो, आणि मग जिभेचा जोर उपयोगी पडत नाही. तेव्हा लवकर दाखवा. पूर्वी पडल्या-आपटल्याने काळा पडलेला दुधाचा दात असेल तर विशेष लक्ष ठेवा, कारण मेलेल्या दाताचं मूळ नीट झिजत नाही.

पण मला विचाराल तर तुमच्या मुलीच्या तोंडात या वयात सर्वांत महत्त्वाचं काम पुढे नाही, मागे चाललंय. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कीड दिसली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिली जाते. ओळखायला सोपं आहे: मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजा. दुधाचे पाचच असतात. सहावा दिसला तर तो पक्का, आयुष्यभराचा. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर असतो, त्याखाली बिस्किट, चिवडा अडकतो. शिवाय ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्याने ब्रश वरून निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं ब्रशिंग तुम्हीच करा. सहा वर्षांच्या मुलीला किमान १००० पीपीएम फ्लोराइडची (हा आकडा पेस्टच्या वेष्टनावर असतो) मटारएवढी पेस्ट पुरते. दाढ पूर्ण वर आली की तिच्या खोल खाचा सिलंटने, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ संरक्षक लेपाने, दंतवैद्याकडून बुजवून घ्या; इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दाढेवर पिवळे-तपकिरी, भुगा होणारे चट्टे दिसले तर मात्र लगेच दाखवा.

पुढचा क्रम साधारण असा: ६ ते ८ वर्षांत पुढचे मधले चार, ७ ते ९ मध्ये त्यांच्या शेजारचे चार. मग दीड-दोन वर्षं काहीच घडत नाही, तेव्हा काळजी करू नका. ९ ते १२ मध्ये सुळे आणि उपदाढा (दुधाच्या दाढांच्या जागी येणाऱ्या छोट्या दाढा), १२ च्या सुमारास दुसऱ्या दाढा. वरचा सुळा सहसा ११-१२ ला येतो. मुलींचं थोडं आधी होतं. वर्षभर मागेपुढे झालं तरी चालतं. पण एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आला नाही, तर एक्स-रे काढावा. कधी वाटेत जास्तीचा दात अडलेला असतो, कधी पक्का दात मुळात तयारच झालेला नसतो.

नवे दात पिवळट दिसतात, कडेला करवतीसारखे दाते असतात, आणि वरच्या दोन दातांत फट असते. तिन्ही ठीक आहे. आतला पिवळा थर जाड आणि वरचं एनॅमल जास्त पारदर्शक म्हणून रंग तसा. दाते चावून झिजतात. दोनेक मिलिमीटरपर्यंतची फट सुळे आल्यावर बहुतेकदा मिटते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथे खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसले तर पिण्याचं पाणी तपासून घ्या, कारण मागच्या दातांचं एनॅमल आठ वर्षांपर्यंत बनत असतं.

दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा जाते. दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात, म्हणून त्यांची कीड भरून घ्या. काढावीच लागली तर स्पेस मेंटेनरचं, म्हणजे रिकामी जागा राखून ठेवणाऱ्या पट्टी-तारेचं, विचारा.

खेळताना दात निखळून पडला, तर दुधाचा कधीही परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. पक्का असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा पाण्याने दहा सेकंद धुवा, जमल्यास लगेच जागेवर बसवा. नाही जमलं तर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा.