एक मीटर, चार बिऱ्हाडं

प्रश्न : घरात चार भाडेकरू आहेत. मुख्य मीटर एकच, पण प्रत्येकाला सबमीटर बसवलाय. गेल्या महिन्यात मुख्य मीटरवर 640 युनिट पडले, सबमीटरची बेरीज मात्र 560. उरलेले 80 युनिट कुणाच्या माथी मारायचे?

उत्तर : आधी ते गेले कुठे ते बघा. 1 एचपीचा पंप तासाला साधारण 1 युनिट घेतो. रोज दीड तास चालला तर महिन्याला 45. जिन्यातले 9 वॅटचे चार दिवे रोज 12 तास जळले तर 13. म्हणजे 58 चा हिशेब लागला, 22 उरले. इथे पहिला संशय तारखेवर घ्या. तुमचा रोजचा वापर 20च्या आसपास आहे, त्यामुळे सबमीटरच्या महिन्यात एक दिवस कमी धरला गेला तरी एवढी तफावत पडते. सगळी रीडिंग मुख्य मीटरच्याच दिवशी घ्या, फोटो काढून ठेवा.

तरीही फरक राहिला, तर पंप, जिन्यातले दिवे आणि चारही घरांचे मेन स्विच बंद करा. मुख्य मीटरवरचा लाल दिवा बघत बसा. मीटरवर 3200 इंपल्स (म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो) लिहिलं असेल आणि दिवा दर 37 सेकंदांनी लुकलुकत असेल, तर सुमारे 30 वॅट कुठेतरी सतत जातायत, महिन्याला 22 युनिट. मग एकेक घर चालू करा. शेजारच्याचा सबमीटर हलला तर वायरिंगची अदलाबदल झालीय. ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

आता वाटणी. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर प्रत्येकाला वेगळा टप्पा लावू नका. वापराच्या रकमेला 640 ने भागून येणारा सरासरी दर सगळ्यांना लावा. स्थिर आकार आणि जिन्यातले दिवे समान, पंप माणशी. रिकाम्या खोलीचा समान वाटा मालकाचा, उशिराचा दंडही त्याचाच. (यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून करारातच लिहा.)

प्रश्न : पाण्याचं बिल माणशी वाटतो, पण या वेळी ते एकदम वाढलं. माणसं तेवढीच आहेत.

उत्तर : गळती शोधा. प्रत्येक फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबरी सील गेलंय. कुठल्याच भांड्यात रंग उतरला नाही, तर वरची टाकी भरल्यावर रात्री सगळे नळ बंद करून मीटर वाचा, सकाळी पुन्हा वाचा. आकडा सरकला असेल तर बॉल व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी अडवणारा) किंवा जमिनीखालचा पाइप गळतोय.