थंडीत कोंडलेल्या कोंबड्या: आधी हवा द्या, मग ऊब

प्रश्न: घरामागे १२ कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. एरवी दिवसभर मोकळे फिरतात, पण थंडी वाढल्यापासून खुराड्यातच ठेवतो. वारा लागू नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, फटीही बुजवल्या. तरी कोंबड्या शिंकतात, अंडी जवळपास बंद झाली आहेत आणि दोघींची शेपटीजवळची पिसे बाकीच्यांनी उपटली आहेत. रात्री आत कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का?

उत्तर: शेगडीचे आधी सांगतो, कारण तो निर्णय तुम्हाला आज रात्रीच घ्यायचा आहे. शेगडी ठेवू नका. फटी बुजवलेल्या खुराड्यात धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे सकाळी दार उघडेपर्यंत काही कळत नाही. शिवाय खाली कोरडे तूस आणि वर फडफडणारे पंख असले की एक ठिणगीही पुरते.

मुळात तुमच्या पक्ष्यांना शेगडीची गरजच नाही. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडी वाजली की ती पिसे फुलवते, पिसांत हवा अडकते आणि तीच तिची गोधडी होते. अंगावर पुरती पिसे असलेली, पोटभर खाल्लेली, कोरडी कोंबडी चांगलीच कडक थंडी काढते. पण पिसे ओलसर झाली किंवा अंगावर सरळ वारा आला की ही गोधडी निकामी होते. तुम्ही वारा अडवलात, पण त्याबरोबर ओलही आत कोंडली गेली. शिंका तिथूनच आल्या असाव्यात, असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते.

हिशेब करून पाहा. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. अंड्यात जाणारे थोडे सोडले तर बाकीचे सगळे विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते. म्हणजे १३ पक्षी रोज ३ लिटरच्या आसपास पाणी त्या बंद जागेत सोडतात. ते जाणार कुठे? खाली अंथरलेल्या तुसाच्या गादीत मुरते, नाहीतर छताला लागते. पहाटे बॅटरी घेऊन आत जा आणि छताच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. थेंब हाताला लागले तर हवा खेळत नाही हे नक्की समजा.

ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. हवेच्या १० लाख भागांत तो २५ भागांच्या वर गेला की कोंबडीचे डोळे आणि श्वासनलिका सोलवटतात आणि मग कोणताही श्वसनाचा आजार सहज शिरतो. आपल्या नाकाला तो साधारण याच सुमाराला जाणवू लागतो. मात्र उभ्याने वास घेऊ नका. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला बसा आणि घ्या. रोज आत जाणाऱ्याचे नाक सरावते, म्हणून एखाद्या दिवशी घरातल्या दुसऱ्या माणसाला आत पाठवा. डोळे चुरचुरले असे तो म्हणाला, तर कोंबड्या ते रात्रभर सोसत आहेत.

आता ताडपत्रीचे. ती पूर्ण काढू नका. जमिनीपासून ते दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या हातभर वरपर्यंत राहू द्या. त्याच्या वर, छताला लागून, समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर पट्टी उघडी करा आणि तिला बारीक जाळी मारा. उबदार दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, खाली कोंबडीच्या अंगाला झुळूक लागत नाही. बरोबर जमले का ते पाहायला एक पीस दोऱ्याला बांधून दांडीच्या उंचीला टांगा. रात्री वारा असताना ते तिथे स्थिर राहिले पाहिजे. तेच पीस वरच्या पट्टीजवळ धरले की हलले पाहिजे.

गादीचा ओला, गठ्ठे झालेला भाग आजच उचला आणि ४ ते ६ इंच कोरडे तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा पसरा. बुरशी आलेले काड चुकूनही वापरू नका, ती बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते. रोज सकाळी दाताळ्याने गादी वरखाली करा. मूठभर उचलून दाबा: मूठ सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, सैल होऊन पडला तर ठीक. बरेच जण ओल्या गादीवर चुना टाकतात आणि वास आणखी वाढला म्हणून येतात. तसे होणारच, चुन्याने अमोनिया उलट अधिक सुटतो. ओल काढा, चुन्याचे काम उरत नाही. गादी भिजते ती बहुधा पाण्याच्या भांड्याभोवती. भांडे विटांवर ठेवून त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, खाली जाळीचा तुकडा ठेवा.

बसायची दांडी गोल आणि बारीक असेल तर बदला. दोनेक इंच रुंद, सपाट, कडा घासलेली पट्टी चांगली. त्यावर बसले की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. दर पक्ष्याला ८ ते १० इंच जागा लागते.

एवढे केल्यावर हवा बदलली की नुसत्या शिंका काही दिवसांत कमी व्हाव्यात. छातीत घरघर, डोळ्यांत फेस, तोंडाला सूज किंवा मान टाकून बसणे यांपैकी काही दिसले तर तो पक्षी लगेच वेगळा करा आणि पशुवैद्यकाला दाखवा. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि एकाएकी एकापेक्षा जास्त पक्षी दगावले तर उघड्या हाताने त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

अंडी बंद होण्यात थंडीचा वाटा कमी, उजेडाचा जास्त. अंडी देत राहायला कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवस लहान झाले, त्यात तुम्ही ताडपत्री लावून उरलेलाही अडवलात. पिसे झडून नवी येत असतील तर अंडी थांबतातच. पिसे बव्हंशी प्रथिनांची असतात, शरीर आधी तिकडे खर्च करते. बल्ब लावावा का? कोंबड्या दोन वर्षांच्या पुढच्या असतील तर मी त्यांना ही विश्रांती मिळू द्यावी असेच सांगेन. तरण्या असतील आणि अंड्यांची गरज असेल तर लहान बल्ब लावा, पण पहाटे. संध्याकाळी लावलेला बल्ब एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात सापडतात. दर आठवड्याला अर्धा तास वाढवा आणि वेळ मोडू नका. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना हा जादा उजेड देऊ नका. शरीर भरण्याआधी त्या अंड्यावर येतात आणि अंडे अडकण्याची भीती असते.

खाण्याचे थोडक्यात: एरवी पक्ष्यामागे ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते, थंडीत ते वाढते, तेव्हा हात आखडू नका. मुख्य खाद्य १६ टक्के प्रथिनांचे, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचेच ठेवा. झोपण्याआधी मूठ-दोन मूठ मका सगळ्यांत मिळून टाका, तो रात्रभर पचताना ऊब देतो. बाहेर फिरणारी कोंबडी खडे स्वतः टिपते, कोंडलेलीला ते मिळत नाहीत आणि पोटात दाणे नीट दळले जात नाहीत. म्हणून एका भांड्यात बारीक खडी आणि दुसऱ्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. पाणी गार पडले की कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी तसे खाणे कमी. सकाळी आणि दुपारी कोमट पाणी बदला.

राहिली पिसे उपटण्याची गोष्ट. मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते, कारण रक्त दिसले की हा छंद पूर्ण कळपाला लागतो. मोकळी कोंबडी जागेपणाचा बराच वेळ उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. कोंडली तरी तिची चोच थांबत नाही, मग शेजारणीची शेपटी सापडते. जखमी दोघींना आज वेगळे करा, शक्यतो जाळीपलीकडे, म्हणजे ओळख राहते आणि परत सोडताना भांडण कमी होते. दिवसभर आत राहणाऱ्या पक्ष्याला किमान ४ चौरस फूट जागा हवी. तुमच्या १३ पक्ष्यांना ८ बाय ७ फुटांपेक्षा लहान खुराडे असेल तर बाजूला जाळीचा आडोसा जोडा. मक्याचे दाणे भांड्यात न देता गादीत विखरून टाका, शोधण्यात तासभर जातो आणि गादीही आपोआप उकरली जाते. पालेभाजीची जुडी त्यांच्या मानेच्या जरा वर टांगा. एका पसरट खोक्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख भरा. त्यात लोळल्याने उवाही कमी होतात. खाद्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दबकून राहणारीलाही खाता येईल. आणि एका रात्री बॅटरीने दांडीची खालची बाजू आणि गुदद्वाराजवळची पिसे तपासा. लाल किडे दांडीच्या फटीत दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. त्यांच्या खाजेनेही पक्षी बेचैन होतात.

दुपारी ऊन असेल तेव्हा दार उघडा, तासभर का होईना. बंद काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अंगावर पडलेले ऊनच लागते.

एका भगिनीने पिलांबद्दल विचारले आहे. वरचे सगळे मोठ्या पक्ष्यांसाठी आहे. पिलांना पिसे नसतात, त्यांना बाहेरून ऊब द्यावीच लागते: पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गार आहे, कडेला पळून चोची उघडून बसली तर गरम, सगळीकडे पसरली असतील तर बरोबर. दिवा साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरवर लोंबता ठेवू नका.

आज रात्री वरची पट्टी उघडा, गादी बदला आणि जखमी कोंबड्या हलवा. बाकीचे दोन-तीन दिवसांत केले तरी चालेल. आठ दिवसांनी छताला थेंब दिसतात का, शिंका किती राहिल्या आणि रात्री दांडीवर बसल्यावर कोंबड्यांची गळ्याखालची पिशवी हाताला भरलेली लागते का, एवढे तीन मुद्दे कळवा. अंड्यांचे मग पाहू.